पैसे भरले, नोंद मात्र तशीच : शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाखाधिकारी आणि कर्ज व वसुली विभागातील अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व बँका, सहकारी बँका व वित्तकंपन्या

विषय : बिघडलेला पतअहवाल सुधारण्यासाठी शाखेने करायची कामे

सप्रेम नमस्कार,

"तुमचं सिबिल खराब आहे." कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तुमच्या टेबलावरून हे चार शब्द मिळतात आणि तो उठतो. कुठल्या कर्जामुळे, किती रकमेमुळे, कुठल्या महिन्यातल्या थकबाकीमुळे, हे त्याला कळलेले नसते. मग तो 'सिबिल क्लिअर करून मिळेल' असा फलक लावलेल्या दुकानात जातो, काही हजार रुपये मोजतो, आधार-पॅनच्या प्रती देतो, ओटीपीही सांगून टाकतो. तीन महिन्यांनी पाहावे तर अहवाल होता तसाच.

पतअहवाल (कुणी किती कर्ज घेतले आणि कसे फेडले याची पतमाहिती कंपन्यांनी ठेवलेली नोंद) वाचणे, त्यातल्या चुका शोधणे आणि दुरुस्तीचे अर्ज लिहून देणे हे आमचे काम. या कामात रोज दिसते ते असे की कर्जदार पैसे भरू शकतो, पण भरल्याची नोंद तो करू शकत नाही. ती फक्त तुम्ही करू शकता. म्हणून हे पत्र कर्जदारांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला काय सांगावे आणि तो गेल्यावर शाखेत काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

नकारापासूनच सुरुवात करू. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा आहे. त्याखालच्या नियमावलीनुसार पतअहवालाच्या आधारे कर्ज नाकारले तर ३० दिवसांत ते लेखी कळवायचे असते. नेमके कारण लिहायचे, ज्या अहवालावरून नाकारले त्याची प्रत जोडायची आणि तो अहवाल देणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता द्यायचा. असे पत्र अर्जदाराच्या हातात क्वचितच पडते. खरे तर ते दोन ओळींत होते : 'अमुक कंपनीच्या अमुक तारखेच्या अहवालात तुमच्या नावे क्रेडिट कार्डाचे ४,३१० रुपये थकीत दिसतात. कार्ड अमुक बँकेचे आहे.' एवढे कळले की माणूस दुसऱ्या दिवशी त्या बँकेत जाऊन उभा राहतो. न कळल्यास वर्षभर चकरा मारतो.

'सिबिल' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की कंपन्या चार आहेत हेच लोकांना माहीत नसते : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँकांनी चौघींनाही माहिती पाठवायची असते, तरी चार अहवाल तंतोतंत जुळतातच असे नाही. एकीकडे बंद दिसणारे खाते दुसरीकडे चालू दिसते. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याने चारही अहवाल एकाच दिवशी काढावेत. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येकाला कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पैशांच्या योजना आधी दिसतात, मोफत अहवालाचा दुवा शोधावा लागतो. तो कुठे असतो हे शाखेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर दाखवून दिले तर दहा मिनिटांचे काम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण (स्कोअर) कमी होत नाहीत, हेही सांगा. या भीतीने कित्येक जण अहवाल उघडतच नाहीत.

आणि ७५० हा आकडा. गुण ३०० ते ९०० या पट्टीवर मोजले जातात आणि ७५० च्या वर कर्ज सोपे जाते, हे व्यवहारात खरे आहे. पण ती तुमच्या बँकेच्या धोरणातली रेषा झाली. रिझर्व्ह बँकेने किमान गुणांची कोणतीही अट घातलेली नाही. उलट, ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही त्याचा अर्ज केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे तिने सांगितले आहे. अहवालात गुणांच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' दिसणे म्हणजे इतिहास नाही, एवढेच. तो माणूस आणि थकबाकीदार यांना एकाच वाक्याने परत पाठवले जाते, तेव्हा पहिल्यावर उघड अन्याय होतो.

आता अहवाल वाचायचा कसा. गुण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतात, म्हणून सगळे तिथेच थांबतात. दुरुस्तीच्या कामाचे सगळे त्याच्या खाली असते. आधी ओळखीचा भाग : पॅन, जन्मतारीख, पत्ते, मोबाइल. अनोळखी पत्ता किंवा नंबर दिसला की दुसऱ्या कुणाचे कर्ज आपल्या नावात मिसळल्याची शक्यता धरावी. एकच नाव, तीच जन्मतारीख, पॅनमधले एक अक्षर चुकलेले, एवढ्यावर दोन माणसांचे इतिहास एकत्र होतात. नंतर एकेक खाते. त्यात तुम्ही वैयक्तिक कर्जदार आहात, सहकर्जदार की जामीनदार, ते आधी पाहायचे. मग चालू बाकी आणि थकीत रक्कम हे दोन आकडे. बंद झालेल्या कर्जात दोन्ही शून्य हवेत आणि बंद केल्याची तारीख भरलेली हवी. त्याखाली ३६ महिन्यांची चौकटींची ओळ असते, तिला थकीत दिवसांची ओळ म्हणतात. '०००' किंवा 'एसटीडी' म्हणजे ठीक. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. ती थकबाकी समजू नये. ३०, ६०, ९० असे आकडे म्हणजे तितके दिवस हप्ता लांबला. आणि शेवटी, बँकेने ही माहिती कोणत्या तारखेची म्हणून पाठवली ती तारीख. खाते बंद होऊन वर्ष लोटले आणि ही तारीख त्याआधीची असेल, तर बँकेने बंदची नोंद पाठवलीच नाही हे तिथेच सिद्ध होते. निम्मी दुरुस्ती या एका तारखेवर जिंकता येते.

चुका होतात कुठे? आमच्या पाहण्यात मोठा वाटा शाखेतच तयार होतो, आणि बहुतेकदा कुणाच्या वाईट हेतूशिवाय. सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे उरलेले व्याज. कर्जदार येतो, 'किती भरायचे?' विचारतो, कारकून पडद्यावरचा आकडा सांगतो, तो भरतो, पावती घेतो, पेढे वाटतो. पण आकडा कालच्या तारखेपर्यंतचा असतो. एका दिवसाचे व्याज, एखादे परत गेलेल्या हप्त्याचे शुल्क, त्यावरचा जीएसटी, असे मिळून ८७ रुपये खात्यावर राहतात. खाते उघडेच राहते, थकीत दिवस मोजले जातात, आणि दोन वर्षांनी घरकर्ज अडते ते या ८७ रुपयांवर. यावर उपाय साधा आहे. कर्ज फेडायला आलेल्याला 'अमुक तारखेपर्यंत भरल्यास एकूण इतके' असे लेखी द्या. पैसे जमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी खाते उघडून बाकी शून्य आहे का पाहा, मग प्रणालीत ते प्रत्यक्ष बंद करा आणि त्यानंतरच ना-देय दाखला सहीला ठेवा. दाखला आधी आणि खाते बंद नंतर, हा उलटा क्रम सगळ्या घोळाचे मूळ आहे. सुटे काही रुपये राहिलेच, तर ते कर्जदाराच्या नावे थकीत म्हणून पाठवण्याआधी त्याला एक फोन करा.

दुसरी जागा विलीनीकरणाची. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँका एकमेकींत मिसळल्या, नागरी सहकारी बँकांचीही विलीनीकरणे झाली. खाते क्रमांक बदलले की जुना क्रमांक 'बंद' म्हणून कळवावा लागतो. तो राहून गेला तर एकच कर्ज दोनदा दिसते, एक नियमित आणि एक कायमचे थकलेले. आयएफएससी बदलल्याने हप्ता खात्यातून आपोआप कापण्याचा 'एनएसीएच' आदेश परत गेला आणि कर्जदाराला पत्ताच नाही, हेही याच काळातले.

तिसरी जागा न वापरलेली क्रेडिट कार्डे. कार्ड घरी आले, कपाटात पडले, वर्षाने शुल्क लागले, त्यावर व्याज चढले आणि नाव खराब झाले. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डविषयक निर्देश इथे कर्जदाराच्या बाजूचे आहेत. कार्ड सुरूच केले नसेल तर त्याची माहिती पतमाहिती कंपनीला (पुढे 'पतकंपनी') पाठवायचीच नाही. ३० दिवसांत सुरू केले नाही तर ओटीपीने संमती मागायची, आणि ती नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क बंद करायचे. ग्राहकाने स्वतः बंद करायला सांगितले आणि बाकी शून्य असेल, तरीही मुदत सातच दिवसांची, पुढे दिवसाला ५०० रुपये दंड. असे थकलेले शुल्क घेऊन कुणी आला तर त्याला 'आधी भरा, मग बघू' म्हणण्यापूर्वी कार्ड सुरू झाले होते का, हे तपासा.

चूक सापडली की तक्रार. ती पतकंपनीच्या संकेतस्थळावर मोफत नोंदवता येते, त्यासाठी अहवालावरचा कंट्रोल नंबर लागतो. तक्रारीत 'माझा स्कोअर वाढवा' असे लिहिले तर उपयोग नाही. गुण कसे मोजले याविरुद्ध दाद मिळत नाही, नोंदीविरुद्ध मिळते. म्हणून खाते क्रमांक, चुकीचा रकाना, त्यात दिसणारा आकडा आणि खरा आकडा, एवढेच लिहावे. सोबत ना-देय दाखला आणि शेवटची जमा दाखवणारा खातेउतारा जोडावा. एका तक्रारीत एकच खाते घ्यावे. ज्या ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे, तिथे स्वतंत्र तक्रार करावी.

यापुढचा प्रवास लोकांना ठाऊक नसतो. पतकंपनी स्वतःच्या अधिकारात आकडा बदलत नाही, ती तुमच्या बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, सगळे मिळून ३० दिवस. ३० दिवस उलटले की तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई, ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उशीर बँकेकडून झाला तर बँक देते, बँकेने वेळेत कळवूनही कंपनी रेंगाळली तर कंपनी. तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात यायला हवी. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवावे लागते. आणि तरीही तड लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून पतकंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबलेले असणे मात्र आवश्यक. तोंडी तक्रारीला तारीख नसते, म्हणून शाखेत आलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का द्यायला कुरकुर करू नका.

मुख्य कार्यालय तुमच्याच प्रणालीतला आकडा पाहून 'माहिती बरोबर आहे' असे उत्तर पाठवते आणि तक्रार फेटाळली जाते, हा प्रकार आम्ही फार पाहतो. प्रणालीतच चूक असेल तर ती शाखेने आधी सुधारायला हवी. नाहीतर तीच चूक दर वेळी दुजोरा मिळवत राहते.

हे झाले चुकीच्या नोंदींचे. पण बहुसंख्य बिघडलेले अहवाल खरे असतात. हप्ते थकले, हे सत्य आहे, आणि सत्य नोंद कुणालाही पुसता येत नाही. फलकवाल्या दुकानदाराला नाही, तुम्हालाही नाही. तिथे उपाय एकच, थकीत शून्यावर आणणे आणि पुढची ओळ स्वच्छ ठेवणे. पण पैसे कोणत्या क्रमाने भरायचे, याचा सल्ला कुणीच देत नाही.

समजा ५ एप्रिल, ५ मे, ५ जून असे तीन हप्ते थकले. २० जूनला कर्जदार एक हप्ता भरतो आणि सुटलो म्हणतो. हिशोब सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून चालतो. भरण्याआधी ७६ दिवस होते, भरल्यावर ५ मेपासूनचे ४६ उरले. शून्य व्हायला तिन्ही हप्ते भरावे लागतात. आणि ९० दिवसांची रेषा ओलांडून खाते अनुत्पादक (एनपीए) झाले, की एक-दोन हप्त्यांनी ते वर येत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी चुकती केल्यावरच ते पुन्हा नियमित धरायचे, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणून हातात पैसे कमी असतील तर आमचा सल्ला असा : जी खाती आज नियमित आहेत ती आधी सांभाळा, मग ९० च्या जवळ पोचलेले खाते मागे ओढा, मग निर्लेखित (राइट-ऑफ) झालेली छोटी कर्जे पूर्ण रक्कम भरून बंद करा, मोठ्या बुडीत कर्जाची तडजोड शेवटी. लोक उलट करतात. वसुलीवाला ज्याच्यासाठी जास्त ओरडतो तिथे भरतात आणि दोन चांगली खाती बिघडवून बसतात.

निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हेही सांगायला हवे. बँकेने आपल्या ताळेबंदातून कर्ज काढले तरी येणे कायम राहते आणि अहवालात ते ठळक दिसते. दाव्याची मुदत संपली म्हणून नोंदही संपली, हा समजही चुकीचा.

एकरकमी तडजोडीबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. वसुली विभागाचा फोन येतो : दोन लाखांच्या ठिकाणी ऐंशी हजार भरा, विषय संपला. विषय संपत नाही. अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद येते, आणि कर्ज देणारा ती 'बँकेला एक लाख वीस हजार सोडावे लागले' अशी वाचतो. ती वर्षानुवर्षे राहते; पतकंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जपायची असते. शिवाय जून २०२३ च्या नियमानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाला ही किमान अट लागू नाही. हे सगळे पैसे घेण्याआधी सांगा, नंतर नको. ज्याला तडजोडीशिवाय मार्गच नाही त्याने ती जरूर करावी, 'सेटल्ड' हे 'थकीत'पेक्षा बरेच. पण ज्याला सहा महिन्यांत पूर्ण रक्कम उभी करता येईल, त्याला सवलतीच्या मोहात ढकलू नका.

तडजोडीचे पत्र बँकेच्या लेटरहेडवर, पैसे भरण्याआधी हातात द्या. त्यात खाते क्रमांक, एकूण येणे, ठरलेली रक्कम, तारखा, एखादा भाग चुकल्यास काय होईल, पतकंपन्यांना कोणती नोंद किती दिवसांत जाईल, धनादेश न वटल्याची कलम १३८ ची तक्रार किंवा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला असेल तर त्याचे काय, आणि तारण-धनादेश केव्हा परत मिळतील, हे सगळे हवे. मिळकतीची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत द्यायची असतात. १ डिसेंबर २०२३ पासून त्याच्या विलंबाला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. लोकअदालतीत तडजोड होते तेव्हाही तडजोडनाम्यात नोंदीबद्दल एक ओळ घालावी. नंतर न्यायालयाचा कागद दाखवून नोंद बदलून घेणे फार जड जाते.

जुनी 'सेटल्ड' नोंद सुधारता येते का? येते, पण एकाच रस्त्याने. सोडलेली रक्कम कर्जदाराने भरायची आणि बँकेने ती स्वीकारून खाते 'बंद' म्हणून कळवायचे. अशी विनंती घेऊन आलेल्या माणसाला 'फाइल जुनी झाली' म्हणून परत पाठवले जाते. तो स्वतःहून पैसे द्यायला आला आहे! त्याच्यासाठी जुनी फाइल काढण्याइतका वेळ शाखेकडे असायला हवा.

कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले असेल तर आणखी गुंता. कर्जदार मूळ बँकेत पैसे भरायला जातो, बँक 'आमच्याकडे काही नाही' म्हणते. खरेदीदार कंपनीचे नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख एका कागदावर लिहून देणे एवढे तरी करता येईल. फेड त्या कंपनीकडे, दाखला तिचाच, आणि मूळ बँकेच्या ओळीत बाकी शून्य. परवाना रद्द झालेल्या सहकारी बँकेच्या बाबतीत हेच काम अवसायकाकडे (बँक गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाते. लोक बंद शटरसमोर उभे राहून परततात.

जामीनदारांचा विषय आपल्याकडे वेगळाच नाजूक. 'तू माझ्या कर्जाला, मी तुझ्या' अशा सह्या शेजारी, मेव्हणे, एकाच कार्यालयातले सहकारी सहज करतात. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात येते, आणि थकले तर त्याचेही गुण घसरतात. सही घेताना हे मराठीत वाचून दाखवा. पहिला हप्ता थकताच जामीनदाराला कळवा. ९० दिवसांनी नोटीस पाठवून त्याच्या हातात काही उरत नाही. कर्ज फिटल्यावर किंवा जामीन बदलल्यावर जुन्या जामीनदाराची ओळही बंद झाली का, ते पाहा. ही ओळ हमखास विसरली जाते. थकबाकी पतकंपनीला कळवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवणे आता बंधनकारक आहे, पण मोबाइल क्रमांक दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तो संदेश कुणाला जाणार? केवायसीच्या वेळी क्रमांक विचारून घ्या.

शेतकऱ्यांबद्दल वेगळे लिहायला हवे. पीक कर्जाचा हिशोब महिन्याच्या हप्त्यांवर चालत नाही. कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकल्यावर अनुत्पादक होते. तरी नोंदी पाहिल्या तर काही ठिकाणी त्यालाही साध्या कर्जासारखे ९० दिवस लावलेले दिसतात. हे तपासून दुरुस्त करणे तुमच्या हातात आहे. मार्चअखेर 'नवे-जुने' (जुने पीक कर्ज भरून लगेच नवे उचलणे) करताना दोन-चार दिवस मागेपुढे झाले तर तेवढ्या काळाची थकबाकी नोंदवली जाते आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी शासनाने भरली. ज्या खात्यांवर शासनाकडून पूर्ण येणे जमा झाले, त्यांत बँकेचे काही बुडाले नाही. ती आजही 'निर्लेखित' किंवा 'सेटल्ड' दिसत असतील तर त्या नोंदी तपासा. पीक कर्जाला सिबिलची अट घालू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. पण ट्रॅक्टर, ठिबक किंवा मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला हीच जुनी ओळ आडवी येते. आणखी एक : गावच्या सोसायटीतून घेतलेल्या कर्जाची सभासदनिहाय नोंद अहवालात असेलच असे नाही. वीस वर्षे नियमित फेड करणारा सभासद कागदावर 'इतिहास नसलेला' ठरू शकतो. त्याचा सोसायटीचा खातेउतारा अर्जासोबत घ्या आणि तो वजनात धरा.

पत पुन्हा उभी करायला माणसाला काय सुचवावे? थकीत शून्य झाल्यावर नुसते थांबून ओळ सुधारत नाही, नव्या चांगल्या नोंदी पडाव्या लागतात. सर्वांत सोपा मार्ग मुदत ठेवीवरच्या क्रेडिट कार्डाचा. ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादा मिळते. वीस हजारांची ठेव केली तर पंधरा ते अठरा हजारांचे कार्ड. त्यावर वीजबिल, गॅस, मोबाइल एवढेच करावे, वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे चार-पाच हजार. आणि शेवटच्या तारखेआधी पूर्ण बिल भरावे. 'किमान देय' भरल्याने थकबाकी टळते, पण उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढते आणि सहा महिन्यांत माणूस पुन्हा तिथेच येतो. खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापण्याचा पर्याय निवडावा. अर्ज भरताना तिथे 'किमान' निवडले जाते, ते पाहावे. ठेव नसेल तर छोटे सोनेतारण कर्ज घेऊन वेळेवर फेडले तरी नोंद पडते. भिशी, पिग्मी आणि अनेक पतसंस्थांची कर्जे कितीही चोख फेडली तरी ती अहवालात येत नाहीत, म्हणून आधी 'तुम्ही पतकंपन्यांना माहिती पाठवता का?' असे विचारून घ्यावे. बचत गटातल्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जांची नोंद मात्र होते, आणि गटातल्या एकीचे थकले की घरातल्या पुढच्या कर्जावर परिणाम होतो.

या काळात चार ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जामागे बँकेची चौकशी नोंदवली जाते आणि महिन्यात पाच चौकशा म्हणजे माणूस अडचणीत, असा अर्थ लावला जातो. तुमच्याकडे कर्ज बसणारच नसेल तर अहवाल ओढण्याआधी तोंडी सांगा. हप्त्याची तारीख पगाराच्या आधी असेल तर ती दोन-तीन दिवस पुढे करून द्या. परत जाणारे कितीतरी हप्ते यानेच थांबतात. १ जानेवारी २०२५ पासून माहिती निदान पंधरवड्याला जाते. त्यामुळे थकीत भरल्यावर सुधारणा काही आठवड्यांत दिसते. गुण सावकाश चढतात. सहा महिन्यांत फरक जाणवतो, वर्ष-दीड वर्षात सांगण्यासारखा, आणि जुने ३०-६० चे आकडे ३६ महिन्यांच्या ओळीतून एकेक करून सरकत बाहेर जातात. हा हिशोब माणसाला आधीच सांगितला तर तो फलकवाल्या दुकानाकडे वळत नाही.

तुमच्यावर काम किती आहे, एका शाखेत किती माणसे उरली आहेत, हे आम्ही पाहतो. म्हणून एकच काम या महिन्यात हाती घ्या, असे सुचवतो. गेल्या तीन वर्षांत तुमच्या शाखेत ज्या कर्जांचे ना-देय दाखले दिले, त्यांची यादी काढा. त्यांतली किती खाती प्रणालीत खरोखर बंद आहेत आणि किती खात्यांवर सुटे रुपये लोंबकळत आहेत, ते पाहा. जी उघडी सापडतील ती बंद करून पुढच्या पंधरवड्याच्या माहितीत पाठवा, आणि त्या त्या माणसाला फोन करून कळवा.

कळावे,
आपले,
पतअहवाल दुरुस्तीचे काम करणारे काही सहकारी